दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलेली मेल थंडरबर्डमध्ये दिसत नाहीत – सोसायटीचा जुना पत्रव्यवहार परत कसा मिळवायचा?

ठाणेकरीण

नमस्कार मंडळी. आमच्या गृहनिर्माण संस्थेची मी सध्या सचिव आहे. संस्थेच्या कार्यालयातला कॉम्प्युटर फार हळू झाला होता आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचे अपडेट्स नाहीत, म्हणून समितीने ठराव करून त्यात नवीन एसएसडी (वेगवान डिस्क) बसवून घेतली. दुकानदाराने एसएसडीवर विंडोज ११ टाकून दिलं, जुनी १ टीबीची हार्ड डिस्क आतच जोडून ठेवली आणि सांगितलं, "तुमचा सगळा डेटा डी ड्राइव्हवर आहे, मेलसुद्धा तिकडेच हलवलीत."

थंडरबर्ड (मेल वाचायचं सॉफ्टवेअर) नव्याने टाकलंय, त्यात संस्थेचा मेल आयडीही घातलाय. पण इनबॉक्समध्ये फक्त गेल्या काही दिवसांची पत्रं आहेत. त्याआधीचं सगळं, अगदी २०१४ पासूनचं, गायब. दुकानात विचारलं तर "डेटा आहे, तुम्ही उघडून बघा" एवढंच उत्तर. डी ड्राइव्ह उघडला की युझर्स, विंडोज, प्रोग्रॅम फाइल्स असे फोल्डर दिसतात. मेल कुठेच दिसत नाहीत.

आमच्या मानीव अभिहस्तांतरणाचं (बिल्डरने करून न दिलेली जमीन-इमारत संस्थेच्या नावावर करून घेण्याचं) प्रकरण चालू आहे. बिल्डरने पार्किंग, भोगवटा प्रमाणपत्र आणि थकीत कामांबद्दल वेळोवेळी मेलवर जे कबूल केलं ते सगळं त्यात आहे. आधीच्या सचिव काकांनी फार निगुतीने जपलेला पत्रव्यवहार आहे हा. कृपया मार्ग सुचवा.

पारिजातक

ताई, आधी ब्राउझरमधून वेबमेलला लॉगिन करून बघा. सर्व्हरवर सगळी पत्रं असतील तर काळजीचं कारणच नाही. नव्या थंडरबर्डमध्ये आपोआप उतरतील.

ठाणेकरीण

बघितलं. वेबमेलमध्येही तेवढीच, अलीकडची पत्रं आहेत. आमची मेलबॉक्स लहान आहे, होस्टिंगच्या सगळ्यात स्वस्त योजनेतली. आधीच्या सचिव काकांना फोन केला. ते म्हणाले, "मी पॉपवर ठेवलं होतं, मेल उतरली की सर्व्हरवरून जायची."

तांबडमाती

ताई, काकांनी मोलाची माहिती दिली. पॉप खातं आणि सर्व्हरवर प्रत न ठेवण्याची सेटिंग, याचा अर्थ जुन्या पत्रांची या जगातली एकमेव प्रत त्या जुन्या हार्ड डिस्कवर आहे. म्हणून आधी दोन गोष्टी करा, बाकीचं मागून.

एक, जुनी डिस्क कुणालाही 'साफ' करू देऊ नका. जुनं विंडोज आता लागत नाही, फॉरमॅट मारून जागा मोकळी करू, असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. थंडरबर्ड मेल ठेवतं ते युझर्सच्या आत एका लपवलेल्या फोल्डरात. 'माय डॉक्युमेंट्स कॉपी केले' म्हणणाऱ्याच्या हातून नेमका तोच सुटतो.

दोन, आत्ता जे नवीन थंडरबर्ड चालू आहे ते बंद ठेवा. त्यातून पत्रं पाठवली की ती नव्या जागी साठत जातील आणि पुढे दोन ढीग एकत्र करावे लागतील. निकडीचं असेल तर वेबमेलमधून उत्तर द्या आणि बीसीसीमध्ये संस्थेचाच पत्ता टाका, म्हणजे प्रत राहील.

आता शोध. फाइल एक्सप्लोररमध्ये वर व्ह्यू, मग शो, मग हिडन आयटेम्स. त्यावर खूण करा. नंतर डी ड्राइव्हवर युझर्स, त्यात जुन्या लॉगिनच्या नावाचा फोल्डर, त्यात अ‍ॅपडेटा (हा आता फिकट रंगात दिसू लागेल), मग रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स. तिथे आठ विचित्र अक्षरं, एक टिंब आणि पुढे 'डीफॉल्ट' किंवा 'डीफॉल्ट-रिलीज' अशा नावाचे एक-दोन फोल्डर असतील. तेच प्रोफाइल. खाती, पासवर्ड, पत्ते, नियम सगळं त्यात असतं. प्रत्येकावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकार किती दाखवतोय ते इथे लिहा. काही उघडू नका, हलवू नका. फक्त बघा.

निंबोणी

हिडन आयटेम्सचं अगदी खरं आहे. माझ्या सासऱ्यांच्या लॅपटॉपवर पूर्ण युझर्स फोल्डर जसाच्या तसा होता, पण अ‍ॅपडेटा दिसत नसल्यामुळे घरात सगळ्यांनी मेल गेलीच असं धरलं होतं. ती एक खूण केली आणि सगळं समोर आलं. ताई, धीर धरा.

ठाणेकरीण

दिसलं! जुन्या लॉगिनचा फोल्डर उघडताना 'तुम्हाला परवानगी नाही' असं आलं, खाली कंटिन्यूचं बटण होतं. ते दाबल्यावर हिरवी पट्टी बराच वेळ सरकत राहिली आणि मग उघडलं.

प्रोफाइल्समध्ये दोन फोल्डर आहेत. 'डीफॉल्ट'वाला अगदी रिकामा, काही केबीचा. 'डीफॉल्ट-रिलीज'वाला साधारण ३८० एमबीचा. पण त्यातल्या मेल नावाच्या फोल्डरात फक्त 'लोकल फोल्डर्स' आहे आणि तो जेमतेम काही एमबी. एवढ्या वर्षांची पत्रं, त्यात आराखड्यांचे स्कॅन, एवढ्याशा जागेत कशी मावतील? मला आता भीती वाटायला लागली आहे.

तांबडमाती

भिऊ नका, ही उलट चांगली खूण आहे. दोन फोल्डरांचं आधी सांगतो. २०१९ मध्ये थंडरबर्ड ६८ आलं, तेव्हापासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतंत्र प्रोफाइल मिळू लागलं. त्यामुळे रिकामं 'डीफॉल्ट' आणि भरलेलं 'डीफॉल्ट-रिलीज' अशी जोडी खूप जणांकडे दिसते. तुमचं कामाचं दुसरं.

३८० एमबीमध्ये पत्त्यांची वही, शोधाची अनुक्रमणिका असं सगळं असणार. प्रोफाइल नीट भरलेलं आहे आणि मेल मात्र त्यात नाही, म्हणजे काकांनी मेलचा साठा प्रोफाइलच्या बाहेर ठेवला असावा. थंडरबर्डमध्ये प्रत्येक खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये तळाशी 'लोकल डिरेक्टरी' असते. तिथे ब्राउझ करून कुठलाही फोल्डर देता येतो. सी ड्राइव्ह भरत आला की जुनेजाणते लोक हेच करायचे.

तो फोल्डर कुठला, हे प्रोफाइलमधल्या 'प्रेफ्स डॉट जेएस' या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिच्यावर डबल क्लिक करू नका. राइट क्लिक, ओपन विथ, नोटपॅड. कंट्रोल एफ दाबून 'डिरेक्टरी' हा शब्द रोमनमध्ये शोधा. 'मेल डॉट सर्व्हर डॉट सर्व्हर२ डॉट डिरेक्टरी' अशा प्रकारच्या ओळी मिळतील, आणि पुढे अवतरणात पत्ता. तो इथे द्या. नोटपॅड बंद करताना सेव्ह करू का विचारलं तर नको म्हणा.

हिशेबनीस

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझं आउटलुक आहे. पीएसटी फाइल (आउटलुक मेल साठवतं ती) डी ड्राइव्हवर नेली, आता आउटलुक उघडलं की फाइल सापडत नाही म्हणतं आणि बंद होतं. माझ्या बाबतीतही हीच रीत लागू होईल का?

तांबडमाती

हिशेबनीस, तत्त्व तेच, जागा वेगळी. आउटलुक बंद करा. कंट्रोल पॅनलमध्ये 'मेल' नावाचं चिन्ह असतं (दिसत नसेल तर वर व्ह्यू बाय मध्ये स्मॉल आयकॉन्स निवडा). त्यात डेटा फाइल्स. जुन्या, हरवलेल्या फाइलची नोंद दिसेल. 'अ‍ॅड' करून डी ड्राइव्हवरची पीएसटी द्या, 'सेट अ‍ॅज डीफॉल्ट' करा आणि मगच जुनी नोंद काढा. नोंद काढल्याने फाइल पुसली जात नाही.

मात्र तुमची फाइल पीएसटीच आहे ना, ओएसटी नाही ना, हे बघा. ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक प्रत असते. ती हलवून दुसरीकडे जोडता येत नाही आणि बहुधा गरजही नसते, खातं जोडलं की ती नव्याने तयार होते. पीएसटी उघडताना बिघडलेली वाटली तर ऑफिसच्याच फोल्डरात 'स्कॅनपीएसटी' नावाचं दुरुस्तीचं साधन असतं. ते चालवण्याआधी फाइलची प्रत काढा. आणि पीएसटी ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हवर ठेवायचा मोह टाळा. मायक्रोसॉफ्ट स्वतः त्याला पाठिंबा देत नाही, फाइल बिघडण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

हिशेबनीस

पीएसटीच होती. डेटा फाइल्समधून जोडली, सगळी फोल्डरं परत दिसली. मनापासून आभार. ताईंच्या प्रश्नाकडे वळू या.

ठाणेकरीण

ओळ सापडली. पत्ता असा आहे – डी:\सोसायटीमेल. पण डी ड्राइव्हवर या नावाचा फोल्डरच नाही हो! लपवलेल्या वस्तू दाखवूनही नाही. शोधपट्टीत टाकून बघितलं, तिथेही नाही.

तांबडमाती

ताई, जुन्या हार्ड डिस्कचे दोन भाग होते का? म्हणजे पूर्वी 'धिस पीसी' उघडलं की सी आणि डी असे दोन ड्राइव्ह दिसायचे का?

ठाणेकरीण

हो, दोन होते. आत्ता सी, डी आणि ई असे तीन दिसतात. ई वर जुनी टॅलीची कागदपत्रं आणि फोटो दिसले, म्हणून मी तिकडे लक्षच दिलं नाही. दुकानदाराने डी म्हणून सांगितलं होतं ना!

तांबडमाती

मग उलगडा झाला. ड्राइव्हची अक्षरं डिस्कवर कोरलेली नसतात, ती त्या त्या विंडोजने दिलेली असतात. नवीन एसएसडी सी झाली, जुना सी सरकून डी झाला, आणि जुना डी आता ई झाला. काकांच्या वेळचा 'डी:\सोसायटीमेल' आज 'ई:\सोसायटीमेल' असणार. बघा बरं.

ठाणेकरीण

आहे! ई वर सोसायटीमेल आहे! आत 'इनबॉक्स' नावाची फाइल ५.८ जीबीची, 'सेंट' १.९ जीबीची, शिवाय 'इनबॉक्स डॉट एमएसएफ', 'इनबॉक्स डॉट एसबीडी' नावाचा फोल्डर आणि त्यात 'बिल्डर', 'महापालिका', 'लेखापरीक्षण', 'उपनिबंधक' अशा फाइली. काकांनी किती व्यवस्थित लावून ठेवलंय सगळं. तुम्हा सगळ्यांचे फार फार आभार.

आधी प्रत काढावी म्हणून ६४ जीबीच्या नव्या पेनड्राइव्हवर कॉपी करायला घेतलं. बाकी सगळं गेलं, पण इनबॉक्सला 'डेस्टिनेशनसाठी फाइल फार मोठी आहे' असं येतंय. पेनड्राइव्ह तर जवळपास रिकामा आहे.

निंबोणी

हे मला माहीत आहे. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असणार. त्यात एकेक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, एकूण जागा कितीही असो. पेनड्राइव्हवर दुसरं काही नसेल तर राइट क्लिक, फॉरमॅट, एक्सफॅट किंवा एनटीएफएस निवडा आणि मग कॉपी करा. फॉरमॅट करताना पेनड्राइव्हचंच अक्षर निवडलंय ना, हे दोनदा बघा.

तांबडमाती

निंबोणी अगदी बरोबर. थंडरबर्डमध्ये एका फोल्डरातली सगळी पत्रं एकाच लांबलचक मजकूर फाइलमध्ये एकाखाली एक असतात, म्हणून ती एवढी फुगते. नावापुढे टिंब किंवा कुठलंही शेपूट नसलेली फाइल म्हणजे खरी पत्रं. 'एमएसएफ' ही फक्त त्यांची सूची. ती गेली तरी थंडरबर्ड पुन्हा बनवतं. 'एसबीडी' म्हणजे उपफोल्डर.

आणखी एक. प्रत काढून होईपर्यंत थंडरबर्डमधलं 'कॉम्पॅक्ट' वापरू नका. या फाइलींमधून पुसलेलं पत्र लगेच जात नाही, त्यावर फक्त पुसल्याची खूण होते. कॉम्पॅक्ट केल्यावर ते खरोखर जातं. एखादं महत्त्वाचं पत्र चुकून पुसलं गेलं असेल तर आत्ता ते त्या ५.८ जीबीत असण्याची शक्यता आहे.

काळाकोट

मी दिवाणी आणि सहकाराची प्रकरणं बघतो, म्हणून एक सूचना आवर्जून. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. मेलचा प्रिंटआउट पुरावा म्हणून द्यायचा तर कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं (पूर्वीचं ६५ ब). त्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिला आहे. भाग अ अभिलेख सादर करणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि त्यात हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण) नमूद करायचं असतं.

त्यामुळे ताई, बिल्डरची पत्रं कुणी 'फॉरवर्ड करून ठेवते' किंवा 'वर्डमध्ये चिकटवते' म्हणालं तर तेवढ्यावर समाधान मानू नका. फॉरवर्ड केलं की मूळ पत्राचं शीर्ष, म्हणजे ते कुठल्या सर्व्हरवरून कधी आलं याच्या ओळी, निघून जातात. ज्या फाइली सापडल्या त्यांची एक अस्पर्श प्रत पेनड्राइव्हवर ठेवा आणि ती पाकिटात बंद करून संस्थेच्या कपाटात ठेवा. कोणत्या तारखेला कुणी काढली याची इतिवृत्तात नोंद करा. महत्त्वाची पत्रं थंडरबर्डमधून 'सेव्ह अ‍ॅज' करून ईएमएल स्वरूपात वेगळी काढता येतात, त्यात शीर्ष शाबूत राहतं. पुढचं तुमच्या वकिलांना विचारून करा.

ठाणेकरीण

काळाकोट, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. पुढच्या समिती सभेत विषय घेते. एक्सफॅट करून प्रत निघाली, प्रोफाइलचा फोल्डरही त्याच पेनड्राइव्हवर घेतला. आता थंडरबर्डला हे कसं दाखवू?

तांबडमाती

छान. आता क्रमाने जाऊ. मी नावं देवनागरीत लिहितोय, टंकताना रोमनमध्ये टंका.

सगळ्यात आधी इंटरनेट बंद करा, वायफाय असेल तर वायफाय, नाहीतर केबल काढा. कारण जुनं प्रोफाइल पहिल्यांदा उघडेल तेव्हा ते 'डी:\सोसायटीमेल' शोधेल, मिळालं नाही की तिथे रिकामा फोल्डर बनवेल, आणि इंटरनेट चालू असलं तर नवी पत्रं त्या रिकाम्या फोल्डरात उतरवायला घेईल. तो गुंता नको.

मग विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. चौकटीत थंडरबर्ड, एक मोकळी जागा, हायफन आणि लगेच मोठा पी. एंटर. प्रोफाइल मॅनेजर उघडेल. 'क्रिएट प्रोफाइल', नेक्स्ट, नाव 'संस्था-जुने' किंवा काहीही द्या, आणि 'चूझ फोल्डर' दाबून डी वरचं ते भरलेलं 'डीफॉल्ट-रिलीज' निवडा. फोल्डर आधीच भरलेला असला तरी चालतं, थंडरबर्ड आहे तेच वापरतं. फिनिश, स्टार्ट.

उघडलं की इनबॉक्स रिकामा दिसेल, घाबरू नका. अकाउंट सेटिंग्ज, संस्थेच्या खात्याखाली सर्व्हर सेटिंग्ज, तळाशी लोकल डिरेक्टरी, ब्राउझ, ई वरचा सोसायटीमेल निवडा. थंडरबर्ड पुन्हा सुरू करायला सांगेल, करा.

प्रोफाइल मॅनेजरमध्ये डिलीट प्रोफाइल नावाचंही बटण आहे. तिकडे आत्ता जायचंच नाही.

पारिजातक

डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्हची अक्षरंच अदलाबदल केली तर? ई ला डी केलं की सगळं आपोआप जुळेल ना?

तांबडमाती

जुळेल. मेलचा साठा बाहेरच्या यूएसबी डिस्कवर असेल आणि दर वेळी तिचं अक्षर बदलत असेल तर मी स्वतः तेच सुचवतो – 'चेंज ड्राइव्ह लेटर' करून तिला एम किंवा एक्ससारखं लांबचं अक्षर कायमचं देऊन टाकायचं. पण इथे प्रोफाइल आजच्या डी वर आहे. तो सरकवला की त्याचा पत्ता बदलेल. एक गाठ सोडवताना दुसरी बसेल. ताईंना लोकल डिरेक्टरीचाच मार्ग सोपा.

ठाणेकरीण

प्रोफाइल बनवलं, स्टार्ट केलं, तर 'थंडरबर्ड आधीच चालू आहे पण प्रतिसाद देत नाही' असा संदेश. टास्क मॅनेजरमध्ये बघितलं, थंडरबर्ड कुठेच चालू नाही. मशीन रीस्टार्ट केलं, तरी तेच.

तांबडमाती

हा संदेश दिशाभूल करणारा आहे. थंडरबर्डला प्रोफाइलच्या फोल्डरात 'पॅरेंट डॉट लॉक' नावाची छोटी फाइल लिहायची असते. ती लिहिता आली नाही की ते समजतं, दुसरं कुणीतरी वापरतंय. तुमच्या बाबतीत लिहिता येत नाहीये, कारण तो फोल्डर जुन्या विंडोजमधल्या जुन्या लॉगिनच्या मालकीचा आहे. नाव तेच असलं तरी नवं विंडोज त्याला वेगळी व्यक्ती मानतं. तुम्ही कंटिन्यू दाबलं तेव्हा आत जायची मुभा मिळाली, लिहिण्याची सगळीकडे मिळाली असं नाही.

त्या 'डीफॉल्ट-रिलीज' फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड. वर ओनर लिहिलेलं असेल, शेजारी चेंज. तुमच्या आजच्या लॉगिनचं नाव टाका, चेक नेम्स, ओके. खाली 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स' यावर खूण करून अप्लाय. मग सिक्युरिटीत परत येऊन एडिट, स्वतःचं नाव जोडा, 'फुल कंट्रोल' द्या. सोसायटीमेल फोल्डरलाही हेच करा. फक्त या दोन फोल्डरांना. पूर्ण डी ड्राइव्हला करू नका.

ठाणेकरीण

झालं! उघडलं!! मालकी बदलल्यावर थंडरबर्ड लगेच सुरू झालं, लोकल डिरेक्टरी ई वर दिली, आणि डावीकडे काकांचे सगळे फोल्डर आले. 'बिल्डर' मध्ये २०१४ मधलं ते पत्र आहे ज्यात खुल्या पार्किंगची जागा संस्थेची असल्याचं मान्य केलंय, सोबतच्या आराखड्यासह. मी काकांना लगेच फोन केला. त्यांचा आवाज भरून आला होता.

फक्त इनबॉक्समध्ये काही ठिकाणी विषय एक दिसतो आणि उघडल्यावर मजकूर दुसऱ्याच पत्राचा येतो. असं का?

तांबडमाती

फार आनंद झाला, ताई. काकांना माझा नमस्कार सांगा.

विषय एक आणि मजकूर दुसरा, हा सूचीतला घोळ आहे, पत्रं शाबूत आहेत. इनबॉक्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'रिपेअर फोल्डर'. ५.८ जीबी आहे, वेळ लागेल. खाली पट्टी सरकत असेल तोवर काही करू नका. वरच्या शोधपट्टीत जुनी पत्रं लगेच सापडली नाहीत तर थांबा, ती अनुक्रमणिकाही मागे चालू असते.

दूरदेशी

हा धागा वाचून राहवलं नाही. मी न्यू जर्सीत असते, बाबा नाशिकला. त्यांच्या एक्सपीच्या काळातली डिस्क माझ्याकडे आहे, आउटलुक एक्सप्रेसच्या डीबीएक्स फाइली आणि नंतरच्या विंडोज लाइव्ह मेलचा फोल्डर. आईची पत्रं आहेत त्यात. ती आता नाही. काही मार्ग आहे का?

तांबडमाती

आहे. लाइव्ह मेलचं काम सोपं. त्यात प्रत्येक पत्र वेगळ्या ईएमएल फाइलमध्ये असतं. थंडरबर्डच्या लोकल फोल्डर्समध्ये एक नवा फोल्डर बनवा आणि एक्सप्लोररमधून त्या फाइली निवडून त्यावर ओढून टाका. एका वेळी थोड्या थोड्या घ्या. एखादं पत्र नुसतं वाचायचं असेल तर ईएमएलवर डबल क्लिक केलं तरी थंडरबर्ड ते उघडतं.

डीबीएक्स थंडरबर्ड थेट वाचत नाही. त्यातून ईएमएल काढून देणारी लहान साधनं मिळतात. ती मूळ डिस्कवर कधीही चालवू नका, आधी पूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि प्रतीवरच प्रयोग करा. एक्सपीच्या काळातली डिस्क उगाच चालू-बंद करू नका. जोडा, सगळं एकदाच उतरवून घ्या, काढून ठेवा. इथे वेगळा धागा काढा, डीबीएक्सचा अनुभव असलेले सदस्य आहेत.

दूरदेशी

काढते. आधी प्रत. धन्यवाद.

पारिजातक

ताई, आता सगळं मिळालंय तर हे खातं आयमॅप (ज्यात पत्रं सर्व्हरवरच राहतात) करून टाका. पॉपच्या भरवशावर संस्थेचा पत्रव्यवहार ठेवणं बरोबर नाही. उद्या ही डिस्क गेली तर?

तांबडमाती

सर्व्हरवर प्रत हवी, याला माझा पाठिंबा आहे. पण आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. तिथे एका ठिकाणी पुसलं की सगळीकडून जातं. समिती दर पाच वर्षांनी बदलते, पासवर्ड चार हातांत फिरतो, आणि नव्या सदस्याने 'जागा करायची' म्हणून जुनं फोल्डर पुसलं तर काकांची सगळी मेहनत पाण्यात. आणि त्यांच्या होस्टिंगवर एवढी जागाही नाही. फुकटच्या जीमेलचे १५ जीबी म्हटले तरी ते ड्राइव्ह आणि फोटोंसकट असतात.

माझं मत असं – नवी पत्रं आयमॅपवर घ्या, जुना साठा लोकल फोल्डर्समध्ये जसा आहे तसा ठेवा, आणि दर तिमाहीला तो बाहेरच्या डिस्कवर उतरवा. डिस्क एक कार्यालयात, एक खजिनदारांकडे.

पारिजातक

समिती बदलते हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पटलं.

ठाणेकरीण

इनबॉक्सची दुरुस्ती झाली, आता विषय आणि मजकूर जुळतायत. शेवटचे दोन प्रश्न. मधल्या दिवसांत नव्या प्रोफाइलमध्ये आलेली आणि तिथून पाठवलेली पत्रं यात कशी आणू? आणि मेलचा साठा जुन्या ई ड्राइव्हवरून नव्या एसएसडीवर न्यायचा आहे, ती हार्ड डिस्क आता कुरकुर आवाज करते.

तांबडमाती

आवाज करते आहे तर दुसरं काम आधी, आजच. थंडरबर्ड बंद. ई वरचा पूर्ण सोसायटीमेल सी वर कॉपी करा, कट नाही. तसंच डी वरचं प्रोफाइलही सी वर. मग प्रोफाइल मॅनेजरमधून सी वरच्या प्रतीला नवं नाव देऊन जोडा, लोकल डिरेक्टरी सी वरच्या सोसायटीमेलकडे वळवा. एकेका फोल्डरातली पत्रांची संख्या जुन्याशी ताडून बघा. जुळली की मगच इंटरनेट चालू करा. जुन्या डिस्कवरचं काही पुसू नका, ती काढून ठेवली तरी चालेल.

आलेल्या पत्रांचं बहुधा काहीच करावं लागणार नाही. खातं नव्याने घातलं तेव्हा थंडरबर्डच्या मूळ सेटिंगप्रमाणे पत्रं १४ दिवस सर्व्हरवर राहतात. वेबमेलमध्ये तुम्हाला ती दिसलीच होती. कुठली पत्रं उतरवून झाली याची नोंद सोसायटीमेलमधल्या 'पॉपस्टेट डॉट डॅट' मध्ये असते, त्यात ही नवी पत्रं नाहीत, म्हणून इंटरनेट चालू करताच ती जुन्या प्रोफाइलमध्ये आपोआप उतरतील. त्याआधी सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' वर खूण मात्र करा.

पाठवलेली पत्रं पॉपमध्ये सर्व्हरवर जात नाहीत, ती हाताने आणावी लागतील. थंडरबर्ड बंद करून नव्या प्रोफाइलच्या मेल फोल्डरात जा, तिथल्या खात्याच्या फोल्डरात 'सेंट' नावाची बिनशेपटीची फाइल असेल. तिची प्रत काढा, नाव रोमनमध्ये 'सेंट-नवे' करा आणि जुन्या प्रोफाइलच्या लोकल फोल्डर्समध्ये टाका. सोबतची एमएसएफ घेऊ नका. थंडरबर्ड सुरू केलं की तो फोल्डर डावीकडे दिसेल. त्यातली सगळी पत्रं निवडून संस्थेच्या सेंटमध्ये हलवा.

ठाणेकरीण

सी वर प्रत झाली, संख्या जुळल्या, नवी पत्रं स्वतःहून उतरली. सेंटमध्ये उपनिबंधक कार्यालयाला पाठवलेलं परवाचं स्मरणपत्रही आलं. डी वर थंडरबर्डने मध्येच बनवलेला रिकामा सोसायटीमेल फोल्डर दिसतोय. तो काढू का?

तांबडमाती

आत इनबॉक्सचा आकार शून्य आहे ना, बघा. असेल तर काढा.